लिलावातलं जुनं मशीन: आधी बघायला मिळणार, की नंतर भांडायला?

सेकंडहँड मशीन किंवा उपकरण ऑनलाइन लिलावात घ्यायचं म्हटलं की मी दोनच गोष्टी विचारते. बोली लावायच्या आधी वस्तू प्रत्यक्ष बघायला मिळणार आहे का? आणि नाही, तर घेतल्यावर गडबड निघाली की भांडायला जागा आहे का? दोन्हीपैकी एकाचं उत्तर जरी हो असलं तरी पुढचं बोलू. दोन्हीचं नाही असेल तर कितीही स्वस्त असू दे, मी त्या वाटेला जात नाही आणि मला फोन करून विचारणाऱ्यांनाही तेच सांगते. दोन्हीचं उत्तर हो असलेला लिलाव मात्र मला अजून दिसलेला नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा, चितळ्यांची बाकरवडी माझ्याकडून.

माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं, म्हणजे ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय, सिग्नल जनरेटर वगैरे रिपेअर करणं, नऱ्ह्याला छोटीशी जागा आहे. दादाचं भोसरीला जॉबवर्कचं शेड, दोन लेथ, एक मिलिंग, एक व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. त्यामुळे आमच्या घरात नवं कोरं मशीन हा प्रकार जवळजवळ नाहीच, सगळं कुणीतरी आधी वापरलेलं. पूर्वी हे सगळं हातात घेऊन व्हायचं. रविवारी-बुधवारी जुना बाजार, एरवी तापकीर गल्ली, मोठ्या मशीनसाठी एमआयडीसीतले ओळखीचे डीलर, आणि घासाघीस करता करता समोरच्याच्या तोंडावरून कळायचं की माल कसा आहे. आता तोंड नाही, नुसते फोटो आणि खाली उलटं चालणारं घड्याळ. शेवटच्या दोन मिनिटांत माणसं काय वेड्यासारखी बोली वाढवतात ते बघण्यासारखं असतं.

आधी सरकारी आणि बँकेच्या लिलावांचं बोलते कारण दादा तिथूनच घेतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथलेच आहेत. एमएसटीसी म्हणून केंद्र सरकारची कंपनी आहे, १९६४ सालची, स्टील मंत्रालयाखाली येते, सरकारी कंपन्या आणि खात्यांचं भंगार, जुनी यंत्रं, जास्तीचा माल हे सगळं तिच्या पोर्टलवर लिलावाला येतं. दुसरीकडे बँका, म्हणजे कर्ज बुडलेल्या कारखान्याची मशिनरी जप्त करून सरफेसी कायद्याखाली विकतात, त्याचेही लिलाव आता ऑनलाइनच. लोकांना वाटतं सरकारी आहे, बँकेचं आहे, म्हणजे फसवणूक नाही. फसवणूक नाहीच हो, पण संरक्षणही नाही! नोटीस उघडा, पहिल्या पानावर असतं, "अ‍ॅज इज व्हेअर इज, अ‍ॅज इज व्हॉट इज, व्हॉटएव्हर देअर इज", आणि बऱ्याचदा वर "विदाउट रिकोर्स". एका ओळीत त्यांनी सगळी दारं लावून घेतलेली असतात. मशीन चालत नाही, तुमचं. आतला मोटर गायब आहे, तुमचं. यादीत लिहिलेलं मॉडेल आणि प्रत्यक्ष मॉडेल वेगळं निघालं, तरी तुमचंच, कारण खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतं की वर्णन फक्त माहितीसाठी आहे, खात्री बिडरने करून घ्यावी.

पण त्याच्या बदल्यात ते एक गोष्ट देतात, इन्स्पेक्शनची तारीख. आणि मला खरंच आश्चर्य वाटतं की किती लोक ती तारीख वाया घालवतात, पुण्यात बसून फोटो बघून बोली लावतात आणि मग चाकणला माल उचलायला गेल्यावर डोक्याला हात. इथे ग्राहक म्हणून जे काही संरक्षण आहे ते सगळं त्या एका दिवसात आहे. दादा तर सुट्टी काढल्यासारखा जातो, डायल, टॉर्च, मोबाइल आणि एक जुना मशिनिस्ट काका सोबत घेऊन, ज्यांना तो फक्त चहा-नाश्त्यावर नेतो (हे काकांनी वाचलं तर बरंय).

बंद पडलेल्या कारखान्यात लाइट नसते हे धरूनच जायचं. म्हणजे मशीन चालू करून कुणी दाखवणार नाही. मग काय बघायचं? साध्या लेथला टूल धरणारा कॅरेज हाताने चकपासून, म्हणजे जॉब पकडतो त्या टोकापासून, दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत सरकवून बघा, चकजवळ ढिलं आणि शेवटाला घट्ट लागत असेल तर बेड चकच्या बाजूला झिजलाय, कारण काम तिथेच जास्त झालेलं असतं. व्हीएमसीचं पॅनल उघडायला सांगा आणि ड्राइव्ह जागेवर आहेत का, कार्ड काढून नेलेत का ते बघा, बंद शेडमधून तांब्यासाठी केबल कापून नेणं तर इतकं कॉमन आहे की बाहेरून झकास दिसणारं मशीन आतून पोकळ असतं. स्पिंडलच्या टेपरमध्ये टॉर्च मारा. वेजवर, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या पट्ट्यांवर, गंज किती आहे, ल्युब ऑइलच्या टाकीत काय साठलंय, टूल चेंजरचा आर्म वाकलाय का. आणि एक गोष्ट जी नवख्या माणसाला माहीत नसते, बऱ्याच सीएनसी कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. मशीन वर्ष-दोन वर्षं बंद पडलं, बॅटरी संपली, की पॅरामीटर गेले, आणि त्यांचा बॅकअप किंवा कारखान्यातून आलेली छापील शीट नसेल तर ते परत भरणं हा मोठा खर्च आणि मोठा ताप. म्हणून कपाटात, पॅनलच्या दाराच्या आत, कुठे कागदाची फाइल दिसते का ते आधी शोधायचं. आणखी एक म्हणजे काही जपानी मशीनमध्ये जागा हलवली की लॉक होण्याची सोय असते, निर्यात नियंत्रणासाठी बसवलेली, आणि ते सोडवायला कंपनीचाच माणूस आणि कंपनीचाच कोड लागतो. लिलावाच्या नोटिशीत याबद्दल एक शब्द नसतो. मॉडेल नंबर घेऊन बोली लावायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन करायचा, ते सरळ सांगतात.

सीरियल नंबरच्या प्लेटचा, पॅनलच्या आतला, प्रत्येक मोटरचा फोटो काढून ठेवायचा, कारण इन्स्पेक्शन आणि उचल याच्या मधल्या दिवसांत वस्तूंना पाय फुटतात. असं झालं तर तुमच्याकडे निदान दाखवायला काहीतरी असतं आणि उचलायच्या दिवशी गेट पास होण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याकडून लेखी घेता येतं. गेटबाहेर ट्रेलर पडला की विषय संपला.

पैशाचंही बघा. आधी अनामत भरायची, ती अडकते. सगळ्यात मोठी बोली तुमची आली म्हणजे मशीन तुमचं असंही नाही, एमएसटीसीवर पुष्कळ लॉट "सब्जेक्ट टू अप्रूव्हल" जातात, म्हणजे विकणाऱ्या खात्याने मंजुरी दिली तर, आणि तोपर्यंत तुम्ही वाट बघायची. मंजूर झालं की उरलेली रक्कम मुदतीत भरायची, नाहीतर अनामत जप्त. बोलीच्या वर जीएसटी. मग हायड्रा क्रेन, ट्रेलर, हमाली, ई-वे बिल, आणि उचलायची मुदत उलटली की ग्राउंड रेंट चढायला लागतं. हे सगळं जोडल्यावर कितीतरी "स्वस्त" मशीन भोसरीच्या डीलरकडच्या चालू करून दाखवलेल्या मशीनपेक्षा महाग पडतात. दादा तर बोली ठरवताना असं धरतो की मशीन चालणारच नाही, आणि तरीही परवडत असेल तर लावतो.

आता कायद्याचं. "ग्राहक मंचात जाऊ" हे वाक्य पुण्यात फार सहज म्हटलं जातं, आणि का नाही म्हणणार, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत इथेच सुरू केली, आपल्याकडे ही सवय जुनी आहे. पण लिलावातल्या मशीनच्या बाबतीत दोन ठिकाणी अडकायला होतं.

पहिलं, तुम्ही ग्राहक आहात का हेच आधी ठरायला लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू धरत नाहीत, अपवाद एकच, स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतली असेल तर. जुन्या १९८६ च्या कायद्यातही हे होतं आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा निकाल सगळे वकील सांगतात. ते प्रकरणच एका सीएनसी टर्निंग मशीनचं होतं. कोर्टाने मशीनची किंमत आणि धंद्याचं स्वरूप बघून सांगितलं की हे व्यापारी कारण, ग्राहक नाही. पण त्याच निकालात असंही आहे की एखाद्याने लेथ घेतला आणि तो स्वतः चालवून त्यावर पोट भरतो, तर तो ग्राहक, हाताखाली मदतीला एक-दोन माणसं असली तरी. म्हणजे नऱ्ह्यातल्या माझ्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप बहुतेक बसेल, दादाची व्हीएमसी, जी तीन ऑपरेटर पाळीत चालवतात, ती मला कठीण वाटते. मशीन कुणाच्या नावाने घेता, बिल फर्मचं की तुमचं, हे बोली लावायच्या आधीच ठरवा, नंतर बदलता येत नाही.

दुसरी अडचण लिलावाचीच. २००९ मध्ये चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजित सिंग म्हणून सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो प्लॉटच्या जाहीर लिलावाचा होता, मशीनचा नाही, पण तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. कोर्ट म्हणालं, आहे ती जागा आहे त्या अवस्थेत लिलावाला होती, तुम्हाला बघता येत होती, पसंत नसती तर बोली लावायची नव्हती, त्यामुळे सोयी नाहीत म्हणून ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही. मी म्हणते ना, बघायला मिळालं की भांडायला मिळत नाही, ते माझं म्हणणं नाही, कोर्टाचं आहे.

ग्राहक म्हणून बसत असाल तर मग प्रक्रिया वाईट नाही. दोन वर्षांची मुदत, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते म्हणजे विक्रेता लुधियानाचा असला तरी तुम्ही पुण्यातच, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, बऱ्याच कंपन्या तिथूनच हलतात.

आता दुसरी बाजू, जिथे बघायला मिळत नाही पण भांडायला मिळतं. म्हणजे माझी बाजू, ईबे ही लिलावाची साइट.

आपल्याकडे ईबे इंडिया होतं ते आठवतंय का? २००४ मध्ये त्यांनी बाझी डॉट कॉम विकत घेतलं आणि त्याचं ईबे इंडिया झालं, मग २०१७ ला फ्लिपकार्टकडे गेलं आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद. त्यात पैसापे नावाची सोय होती, तुमचे पैसे मध्ये थांबायचे आणि माल मिळाल्यावर विक्रेत्याकडे जायचे. माझ्या मते भारतात सेकंडहँडसाठी तेवढी साधी आणि चांगली सोय नंतर आलीच नाही, आणि ते बंद झालं तेव्हा कुणी फार दुःखही केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आता इथून घ्यायचं तर बाहेरच्या ईबेवरून, अमेरिका, जर्मनी, जपान.

ईबेची मनी बॅक गॅरंटी कशावर चालते ते नीट समजून घ्या. माल आला नाही, किंवा वर्णनाप्रमाणे नाही, एवढ्या दोनच कारणांवर. "मला आवडलं नाही" यावर नाही. वर्णनात "कंडिशन" चा जो रकाना असतो तो वर्णनाचाच भाग, आणि तिथे "युज्ड" निवडलं असेल तर ईबेची स्वतःची व्याख्या म्हणते की वस्तू वापरलेली आहे, ओरखडे असतील, पण पूर्ण चालू आहे. मग विक्रेत्याने खाली "अनटेस्टेड, सोल्ड अ‍ॅज इज, नो रिटर्न्स" असं कितीही लिहिलं तरी युज्डच्या रकान्यात टाकून बंद वस्तू पाठवली तर तुमची बाजू भक्कम आहे. नो रिटर्न्स लिहिल्याने गॅरंटी जात नाही. उलट "फॉर पार्ट्स ऑर नॉट वर्किंग" च्या रकान्यात असेल तर चालत नाही ही तक्रारच होऊ शकत नाही, तिथे फक्त काहीतरी वेगळंच पाठवलं किंवा दाखवलेला भाग आतून गायब असला तर. मी पार्ट्ससाठी तसे खूप घेते, पण त्या भावात.

"पॉवर्स ऑन" या दोन शब्दांवर माझा विशेष राग आहे. पंखा फिरला आणि एक एलईडी लागला की झालं पॉवर्स ऑन. मी बोली लावायच्या आधी ईबेच्याच मेसेजमधून विचारते, सेल्फ टेस्ट पास होते का, दोन्ही चॅनलवर सिग्नल देऊन स्क्रीनचा फोटो पाठवाल का, मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर दाखवाल का. उत्तर आलं तर तो पुरावा, लेखी आणि ईबेच्या सर्व्हरवर. उत्तर नाही आलं तर तेही उत्तरच. व्होल्टेजचं मुद्दाम सांगते कारण अमेरिकेतला माल १२० व्होल्टचा असतो आणि सगळ्यांना २३० चा स्विच नसतो, पुण्यात प्लगमध्ये घातला की धूर, आणि हा "वर्णनाप्रमाणे नाही" मध्ये बसत नाही कारण वर्णनात १२० लिहिलेलं होतं.

मॉडेलचे नेहमीचे आजारही माहीत हवेत. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस पाचशे आणि सातशे सीरिजचे जुने ऑसिलोस्कोप घेताना आतले छोटे कपॅसिटर गळून बोर्ड खातात हे गृहीतच धरायचं, किंवा ज्या जुन्या उपकरणांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरी असलेल्या चिपमध्ये असतात त्यांचं आयुष्य त्या चिपवर. विक्रेता खोटं बोलत नसतो, तिकडे चालू असतं, इकडे येईपर्यंत किंवा आल्यावर दोन महिन्यांनी जातं. आणि दोन महिन्यांनी तुम्ही काही करू शकत नाही, कारण मुदत साधारण तीस दिवसांची असते, डिलिव्हरी झाल्यापासून. म्हणून पार्सल आलं की त्याच आठवड्यात टेस्ट. "दिवाळीनंतर बघू" म्हणून फडताळावर ठेवलेलं खोकं म्हणजे सोडून दिलेली गॅरंटी. खोकं फोडताना व्हिडिओ, लेबलपासून सुरू करून न थांबता, वजन दिसेल असा काटा शेजारी असेल तर उत्तम. मग आधी विक्रेत्याला ईबेमधूनच कळवायचं, त्याला तीन कामाचे दिवस मिळतात, तो ढिम्म राहिला तर ईबेला मध्ये घ्यायचं.

तीन भोकं आहेत यात, पुण्यातल्या लोकांना तीच नडतात. एक, फॉरवर्डिंगचा पत्ता. विक्रेता भारतात पाठवत नाही म्हणून लोक अमेरिकेतल्या एखाद्या फॉरवर्डरचा पत्ता देतात, तिथे माल पोचला की ईबेच्या दृष्टीने डिलिव्हरी झाली, आणि तिथून पुढे दुसरीकडे पाठवलेल्या मालाला गॅरंटी लागू होत नाही. तेवढ्या सोयीसाठी सगळं संरक्षण दिलं सोडून. दोन, मोठी औद्योगिक यंत्रं. ईबेच्या गॅरंटीत बिझनेस इक्विपमेंटच्या काही कॅटेगरी धरत नाहीत, आणि पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेच्या खरेदीदार संरक्षणातूनही उत्पादनात वापरायची औद्योगिक यंत्रं वगळलेली आहेत. मीटर, स्कोप चालतील, लेथ नाही. पेपालची मुदत तशी मोठी आहे, पैसे दिल्यापासून १८० दिवस, पण "फ्रेंड्स अँड फॅमिली" म्हणून पाठवले असतील तर शून्य, आणि विक्रेता तुम्हाला तसं पाठवायला सांगतोय, म्हणजे त्याला ते शून्यच हवंय. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे पैसे उलटे फिरवायचा, रस्ता असतो, पण एकाच वेळी दोन्हीकडे तक्रार टाकू नका, दुसरीकडे डिस्प्युट टाकला की ईबे आपली केस बंद करतं.

तिसरं भोक कस्टम्स. वापरलेला माल आयात करायचे नियम वेगळे आहेत, सेकंडहँड भांडवली यंत्रं बहुतांश मोकळी आहेत पण जुने कॉम्प्युटर, लॅपटॉप, फोटोकॉपी मशीन, एअर कंडिशनर आणि डिझेल जनरेटर सेट यांना परवानगी लागते, आणि भांडवली यंत्रात न मोडणाऱ्या जुन्या वस्तूंनाही परवानगी लागतेच. मोठ्या मशीनला किंमत ठरवायला चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागतात. हे अडकलं, ड्युटी जास्त लागली, माल पडून राहिला, तर त्याचा ईबेच्या गॅरंटीशी काही संबंध नाही. आणि वर्णनाप्रमाणे नाही म्हणून परत पाठवायची वेळ आली तर परतीचं भाडं विक्रेत्याकडून मागता येतं पण भरलेल्या ड्युटीचं काय, ते तुम्ही आणि तुमचं नशीब. म्हणून मी परत पाठवण्यापेक्षा बहुतेक वेळा थोडे पैसे परत घेऊन तडजोड करते, विक्रेत्यालाही वीस किलोचं धूड परत नको असतं.

आणि आता तिसरा प्रकार, जिथे बघायलाही नाही आणि भांडायलाही नाही, आणि नेमका तोच सध्या सगळ्यात जोरात आहे. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपवरचे लिलाव. कुणीतरी रात्री नऊला दहा मशीनचे फोटो टाकतो, खाली "बेस प्राइस अमुक, साडेदहाला क्लोज", लोक आकडे टाकतात, जो जिंकला त्याने लगेच टोकन यूपीआय करायचं, "नाहीतर दुसऱ्याला जाईल दादा". मशीन असतं राजकोटला किंवा कोइमतूरला, विक्रेता असतो एक फोन नंबर. आमच्या ओळखीतल्या एका धायरीच्या मुलाने असंच एका सरफेस ग्राइंडरसाठी टोकन पाठवलं, नंतर ट्रान्सपोर्टसाठी पाठवलं, नंतर "जीएसटी क्लिअर करायला" पाठवलं, प्रत्येक वेळी आधीचे पैसे वाचावेत म्हणून. ग्राइंडरचा फोटो खरा होता, फक्त दुसऱ्याच कुणाचा होता, एका डीलरच्या साइटवरून उचललेला. फोटो गूगलवर उलटा शोधायला अर्धा मिनिट लागतो हो.

इथे कायदा का हात वर करतो तेही बघा. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, त्यात प्लॅटफॉर्मने तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची, महिन्याभरात निकाली काढायची वगैरे सगळं छान आहे. पण त्यातच आहे की एखादी व्यक्ती वैयक्तिक पातळीवर, नियमित धंदा म्हणून नाही, असं काही विकत असेल तर हे नियम लागूच नाहीत. ग्रुपवरचा प्रत्येक जण विचारल्यावर हेच म्हणतो, "मी डीलर नाही, घरचं मशीन आहे." यूपीआयला क्रेडिट कार्डासारखा माल खराब निघाला म्हणून पैसे उलटे फिरवायचा रस्ता नाही, तुम्ही पिन टाकून पाठवले म्हणजे पाठवले. उघड फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन, ताबडतोब म्हणजे त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी गोठवले तरच काही हाती लागतं. उद्या सकाळी चौकीत जाऊ म्हणालात तर गेले. आणि "आपण एस्क्रोमधून करू", म्हणजे माल मिळेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवू, असं म्हणून विक्रेताच लिंक पाठवत असेल तर ती साइटही त्याचीच असते बरं का.

खोट्या बोलीचं काय असं एकाने विचारलं होतं. विक्रेत्याचाच माणूस भाव चढवत असतो, हो, ग्रुपवर तर सर्रास. १९३० सालच्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये चक्क आहे की विक्रेत्याने खोटी बोली लावून भाव फुगवला तर घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो, आणि लिलाव पुकारून संपेपर्यंत स्वतःची बोली मागेही घेता येते. पण सिद्ध कसं करणार? त्यापेक्षा आपला आकडा आधी कागदावर लिहायचा आणि त्याच्या वर गेला की फोन बाजूला ठेवून जेवायला बसायचं.

एक राहिलं, मालकी. मशीन उत्तम आहे, चालू करून दाखवलं, भावही ठीक, पण ते विकायचा हक्क त्याला आहे का? चोरीचं नसेल हो, पण बँकेकडे तारण असू शकतं, छोट्या कारखान्यांतली पुष्कळ मशीन कर्जावरच घेतलेली असतात. ज्याच्याकडे पूर्ण मालकी नाही तो तुम्हालाही पूर्ण मालकी देऊ शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे, कलम २७. मूळ खरेदीचं बिल मागा, त्यावरचा सीरियल नंबर प्लेटशी ताडून बघा, कर्ज होतं म्हणाला तर बँकेचं नो ड्यूज, आणि सरसाई, म्हणजे बँकांकडच्या तारणांची केंद्रीय नोंदवही, तिच्या साइटवर थोडी फी भरून शोध घेता येतो की त्या मालमत्तेवर कुणाचा बोजा नोंदवलाय का. दादाने मागे एका टर्निंग सेंटरसाठी हे केलं, ग्रुपवर लिलावाला होतं, तळवड्यालाच असल्यामुळे बघूनही आला होता, मशीन एकदम फर्स्ट क्लास. शोध घेतला तर बँकेचा बोजा तसाच. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "अहो ते कागदोपत्री आहे, तुम्ही घेऊन जा, मी बघतो." दादा म्हणाला, आधी बघा, मग मी येतो. ते मशीन अजून ग्रुपवर येतं अधूनमधून, बेस प्राइस दर वेळी थोडी उतरलेली असते, आणि खाली कुणीतरी नवीन माणूस विचारत असतो, "टोकन किती?"